फोटोत नसलेला चांदोबा

मित्रांनो, घराच्या पुढच्या खोलीत थाटलेल्या या स्टुडिओच्या दाराआड एक खिळा आहे. त्या खिळ्यावर एक रेनकोट असतो आणि रेनकोटाच्या मागे, काळ्या गोल पिशवीत दुमडलेला, मी असतो. मी एक जुना रिफ्लेक्टर आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. उन्हाकडे तोंड करायचे, ऊन झेलायचे आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर टाकायचे. माझी एक बाजू रुपेरी, दुसरी सोनेरी. अंगाभोवती पोलादी पट्टीचे कडे. पिशवीतून काढले की मी फटकन उघडतो आणि जेवणाच्या गोल टेबलाएवढा होतो. लहान मुले आधी दचकून मागे सरतात आणि मग म्हणतात, "पुन्हा!"

माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तिच्यात शौर्य नाही, प्रवास आहे पण पराक्रम नाही. तिच्यात मुख्यतः हेवा आहे. हेव्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही आणि असतो तर तो सगळ्यांच्याच पोटात. म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. ज्या बाईने मला शिवले, तिने कापड कड्यावर ताणून बसवले, कडेने फीत मारली, मला एकदा उघडून आणि एकदा मिटून पाहिले. मला मिटताना दोन्ही हातांनी पीळ द्यावा लागतो. ज्याला तो जमत नाही त्याच्या हातून मी उसळतो आणि नाकावर जाऊन आपटतो. तिला जमले. शेजारणीला ती म्हणाली, "हा छान ताणलाय बघ." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक, आणि पुष्कळ वर्षे तेच शेवटचेही.

मला मालकांनी विकत घेतले त्याच दिवशी त्यांनी कॅमेराही घेतला. आम्ही दोघे एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून घरी आलो. म्हणून तर मनाला जास्त लागले. तो अनोळखी असता, थोरामोठ्या घरचा असता, तर मी समजून घेतले असते. पण बरोबरीने आलेल्याला कपाटात गादी मिळावी आणि आपल्याला दाराआडचा खिळा, हे सहन करणे कठीण असते. कॅमेऱ्याला मऊ कापड. कॅमेऱ्याला फुंकर मारायचा रबरी फुगा. कॅमेऱ्याच्या डब्यात दमटपणा शोषणाऱ्या पुड्या. माझ्या पिशवीत एकदा झुरळ सापडले.

मालकांचे काम म्हणजे लग्न ठरलेल्या जोडप्यांना घेऊन गावाबाहेर जायचे आणि चांगली जागा बघून त्यांचे फोटो काढायचे. तळ्याचा काठ, गवताचे माळरान, सुरूचे बन, जुना दगडी पूल. मालकांच्या बायकोला येणारी सगळी जोडपी काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो. मला धरण्याचे काम काकूंचे होते.

त्या काळात एक गोष्ट मला फार बरी वाटायची. काकूही कॅमेऱ्यावर जळायच्या. त्या त्याला सवत म्हणायच्या.

"अहो, लग्न झाल्यापासून माझा हात कधी असा धरला नाहीत," कॅमेरा पुसणाऱ्या मालकांना त्या म्हणत.

"तुझ्या हाताला धूळ लागली तर चालतं," मालक मान वर न करता म्हणत.

"चालतं ना? मग आजचा चहा स्वतःच्या हातानंच करून घ्या."

मला त्यांनी नाव ठेवले होते चांदोबा. रुपेरी बाजूवरून. "चांदोबाला घेतलात का?" असे त्या निघताना विचारत, आणि मी पिशवीत फुगत असे.

आता माझे काम जरा समजावून सांगतो. चांगला फोटोवाला जोडप्याला उन्हाकडे पाठ करून उभे करतो. त्यामुळे केसांच्या कडा सोन्यासारख्या उजळतात, पण चेहरे मात्र सावलीत काळवंडतात. तिथे माझी गरज लागते. कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे, मला हातांनी उंच धरून, काकू माझ्यामागे उभ्या राहत. त्या मला किंचित कलवत, ऊन माझ्यावर पडे आणि माझ्यावरून नवरीच्या गालावर जाई. काळवंडलेला चेहरा एकदम उमलल्यासारखा व्हायचा. डोळे दिपायचे, ते खरे. मग आवाज यायचा, "डोळे मिट गं बाई. मी सांगितलं की उघड. तोवर मला सांग, हा घोरतो का?"

"काकू, मला काय माहीत! अजून लग्न व्हायचंय."

"बरंय. मग लग्नापर्यंत झोपून घे, नंतर याच्या घोरण्यानं झोप मिळणार नाही. आता उघड डोळे."

नवरी हसायची, नवरा लाजायचा, आणि कॅमेरा आपला खटाखट वाजायचा.

मित्रांनो, त्या क्षणी जोडपी कॅमेऱ्याकडे बघत नसत. मालक ओरडत राहत, "इकडे बघा, कॅमेऱ्यात बघा," पण त्यांची नजर जरा डावीकडे, माझ्याकडे असे. मालकांना तो दोष वाटायचा. मला तो माझा विजय वाटायचा. कॅमेऱ्याला काय हवे ते मिळू दे, ती हसरी नजर माझी होती. मी असाच विचार करीत असे, आणि मला तो अगदी योग्य वाटे.

पण आल्बम तयार झाला आणि माणसे तो बघायला स्टुडिओत आली की सगळे उलटे व्हायचे. पाने उलटत ती म्हणायची, "काय कॅमेरा आहे हो तुमचा! चेहऱ्यावरचा आनंद कसा पकडलाय!" मालक नुसते हसत. काकू पाण्याचे ग्लास ठेवत. मी खिळ्यावरून सगळे ऐकत असे. मी टाकलेला उजेड होता म्हणून तो चेहरा दिसला, एवढे एक वाक्य कोणी उच्चारावे अशी माझी इच्छा होती. जास्त काही नव्हती, असे मला वाटते. कदाचित होतीही.

आणि कामे तरी काय काय सांगायचे मला! जोडप्याला झाडाआड कपडे बदलायचे असले की पडदा मी. खायची वेळ झाली की गवतावर अंथरायला मी. कुणाचे तान्हे बाळ बरोबर असले तर सावली मी. एकदा माळावर अचानक सर आली, तेव्हा मालकांनी मला डोक्यावर धरले. स्वतःच्या नाही, कॅमेऱ्याच्या. दोघे नवराबायको चिंब भिजली, मी भिजलो, आणि तो माझ्या पोटाखाली कोरडा ठणठणीत.

अशी बरीच वर्षे गेली. माझी सोनेरी बाजू खरवडली. कडे एका जागी वाकले. काकूंनी माझी उसवलेली फीत स्वतःच्या हाताने टाचून दिली. पांढरा दोरा संपला म्हणून त्यांनी निळा लावला. तो अजून आहे.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. डोंगरावरच्या पठारावर काम होते. तिथून खालची दरी फार सुरेख दिसते, म्हणून जोडप्यांना ती जागा आवडते. मला ती आवडत नाही. वारा सुटला की मी शीड होतो. मालक म्हणत होते, "अजून जरा वर धर, अजून जरा," आणि काकूंनी मला डोक्यावर उचलले असतानाच असा एक झोत आला, की मी दरीकडे ओढला गेलो. काकूंनी मला सोडून दिले असते तर मी गेलोच होतो. त्यांनी सोडले नाही. त्यांचा खांदा पिरगळला, त्या "आई गं" म्हणून खाली बसल्या, पण माझी कड त्यांच्या बोटांत तशीच होती.

तुम्हाला वाईट वाटेल, पण मला त्या वेळी अभिमान वाटला. कॅमेऱ्यासाठी कधी कोणाचा खांदा दुखावला होता का?

डॉक्टरांनी सांगितले, हात खांद्याच्या वर उचलायचा नाही. आता नाही आणि बहुधा पुढेही नाही. मालक घाबरून गेले होते. ते मनाने चांगले आहेत, फक्त बोलायला सुरुवात कुठून करायची ते त्यांना कळत नाही. ते म्हणाले, "आता तू घरी आराम कर. पुष्कळ केलंस."

काकू म्हणाल्या, "बरं."

त्यांची लेक स्टुडिओतच संगणकावर फोटो नीट करायचे काम करते. ती म्हणाली, "आई, सुटलीस की! उन्हातान्हात उभं राहणं गेलं."

"हो ना, सुटले," काकू म्हणाल्या. बाहेर जाताना घालायची त्यांची एक रुंद काठाची टोपी होती. ती त्यांनी कपाटावर ठेवली. थोड्या वेळाने खाली काढली, झटकली, पुन्हा वर ठेवली. काकूंना घरी बसायचे नव्हते, हे माझ्यासारख्या कापडाच्या तुकड्यालाही कळले. रोज नवी जोडपी, नव्या जागा, त्यांच्या गमती, यावरच त्या जगत होत्या. पण "मला यायचंय" असे म्हणायला कोणीतरी आधी "येतेस का" असे विचारावे लागते. ते कोणी विचारले नाही.

आठवड्याच्या आत लेकीने बाबांसाठी नवा दिवा आणला. बॅटरीवर चालणारा, तीन पायांच्या उंच काठीवर उभा राहणारा, डोक्यावर पांढरी छत्री. त्याला ऊन लागत नाही. त्याला धरायला माणूस लागत नाही. ढग असोत, सावली असो, बोटाने दाबले की लखकन उजेड. घरी आला की भिंतीच्या प्लगला तोंड लावून पोटभर वीज पितो. मालक त्याच्याभोवती फिरत राहिले. "कमाल आहे," ते म्हणाले. मला त्यांनी तसे कधीच म्हटले नव्हते.

कॅमेऱ्याचा हेवा मला सवयीचा झाला होता. हा नवा हेवा ताजा होता आणि फार झोंबला. मी खिळ्यावर, काकू खिडकीशी, आणि ते तिघे, म्हणजे मालक, कॅमेरा आणि दिवा, गाडीत बसून निघून जात.

पण गंमत अशी झाली, की आल्बम बघायला येणारी माणसे आता गप्प राहू लागली. फोटो लख्ख होते. डोळ्याची पापणीन् पापणी दिसत होती. एका नवरीची आई बराच वेळ एकच पान धरून बसली आणि म्हणाली, "छान आहे हो. पण ही आमची वाटत नाही."

"म्हणजे?" मालकांनी विचारले.

"म्हणजे, आहे आमचीच. पण अशी कुठे असते ती? ही तर ओळखपत्रासाठी बसल्यासारखी बसलीय. आणि जावईबुवा तर बघा, जसं काही कोणी दम देऊन उभं केलंय."

ती गेल्यावर मालक दिव्याकडे बघत बसले. कोन बदलून झाला होता, छत्री बदलून झाली होती. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "चांदोबाचा उजेडच वेगळा होता."

मित्रांनो, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते! मालकांनी रेनकोट बाजूला सारला, मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले. गाडीत त्यांनी मला मागे टाकले नाही. पुढे, स्वतःच्या शेजारी, काकूंच्या जागेवर ठेवले, आणि मी घसरू नये म्हणून पट्टाही लावला. कॅमेरा मागच्या सीटवर होता. मी मुद्दाम मागे वळून पाहिले असते, पण मला वळता येत नाही.

त्या दिवशी तळ्याकाठी काम होते. नवरी शाळेत शिक्षिका होती, नवरा बँकेत. दोघे साधी, चांगली माणसे. मालकांनी एक काठी उभी केली, तिला चिमटे लावून मला घट्ट बसवले, तळाशी वाळूची पिशवी ठेवली आणि मला नेमके कलवले. ऊन उत्तम होते. मी माझ्या अंगात होते नव्हते तेवढे सगळे त्या दोघांवर ओतले.

"हसा," मालक म्हणाले.

ते हसले. दातांचा डॉक्टर "आ करा" म्हणतो तेव्हा आपण जसे करतो, तसे.

"तसं नको. नैसर्गिक हसा."

नवऱ्याने हात मागे बांधले, मग पुढे बांधले.

"अजून थोडं नैसर्गिक."

"काका, झालं का?" नवरीने विचारले. "याच्यापेक्षा नैसर्गिक मला येत नाही." ती नवऱ्यापासून जरा बाजूला सरली. "मी फोटोत कधीच चांगली येत नाही. मला ठाऊक होतं."

मला काही कळेना. उजेड तोच, कोन तोच. मी वाट बघत होतो, की आता तो आवाज येईल. घोरण्याबद्दल काहीतरी विचारील, डोळे मिटायला सांगेल. इतकी वर्षे मी उघडलो की तो आवाज यायचा, अगदी माझ्या अंगातून यायचा. त्यामुळे तो मला माझाच वाटत आला होता. नवरीने माझ्याकडे पाहिले, माझ्या कडेच्या वर पाहिले. तिथे नुसते आकाश होते. तेव्हा मला समजले. काकू नेहमी माझ्यामागे असत. मी त्यांचा चेहरा काम करताना कधी बघितलाच नव्हता. आणि ती सगळी जोडपी माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या वरून बघत होती.

मालकांनी घरी फोन लावला. तळ्यावर शांतता होती, त्यामुळे पलीकडचे बोलणेही मला ऐकू आले.

"अगं, हे हसत नाहीत."

"मग मी काय करू? मी आराम करतेय ना."

"तसं नाही गं..."

"चांदोबाला नेलंय ना? त्याला सांगा." आणि फोन बंद झाला.

मालकांनी त्या दोघांना सांगितले, की आज जमले नाही, चूक माझी आहे, आपण पुन्हा येऊ. परत येताना त्यांनी मला पट्टा लावला नाही. दोन वळणांवर मी खाली पडलो.

घरी काकू शेंगा सोलत बसल्या होत्या, एका हाताने. लेक संगणकाशी होती. मालक बूटसुद्धा न काढता त्यांच्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्या काखेत होतो.

"उद्या तू पण चल," ते म्हणाले.

"माझा खांदा दुखतोय. चांदोबा धरायला मी येणार नाही."

"धरू नको. नुसती ये."

"नुसती?" काकूंनी शेंग खाली ठेवली. "नुसती येऊन काय करू? झाड म्हणून उभी राहू?"

"नेहमी करतेस ते कर."

"काय करते मी?"

लेकीने खुर्ची वळवली आणि हाताची घडी घालून बसली. "सांगा की बाबा. आई काय करते?"

"म्हणजे..."

"इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभी आहे मी," काकू म्हणाल्या. "हात चालेनासा झाला तर म्हणालात, घरी बस. म्हणजे मी तुमच्या लेखी एक काठीच ना? आता खरी काठी आणलीत. मग अडलंय कुठे?"

मालकांनी मला भिंतीला टेकवून ठेवले. मग ते म्हणाले, "मी फोटो काढतो, तो तू हसवलेल्या माणसांचा. तू नसलीस तर माझ्यासमोर नुसते कपडे उभे असतात. मला वाटत होतं ते माझं कसब आहे. तसं नव्हतं."

काकूंनी शेंगांचे भांडे लेकीकडे सरकवले. "हे सोल," त्या म्हणाल्या, आणि कपाटावरची टोपी काढायला डावा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा तळ्याकाठी होतो. मी काठीवर, काकू माझ्या पुढे, जरा बाजूला, रिकाम्या हातांनी. दुखरा हात दुसऱ्या हाताने कोपरात धरलेला.

"काय गं, काल म्हणे हसली नाहीस. दाढ दुखत होती का?"

नवरीने मान हलवली. नवरा म्हणाला, "काकू, हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही."

"घरी कुठे ठेवतोस?"

"खिशात."

"मग ठेव खिशात. लग्न आहे म्हणून काय खिसे शिवून टाकलेत? बरं, हिच्या घरी पहिल्यांदा गेलास तेव्हा काय झालं ते सांग."

"काही नाही, गेलो."

"खोटं!" नवरी एकदम वळली. "काकू, यांनी बेल वाजवली आणि जिन्यात जाऊन लपले! बाबांनी दार उघडलं तर कोणीच नाही."

"लपलो नव्हतो. बूट पुसत होतो."

"दोन मजले खाली जाऊन?"

काकू हसल्या, नवरी हसली, नवरा खिशातले हात काढून तोंडावर घेऊन हसला, आणि मालकांनी या वेळी "इकडे बघा" असे एकदाही म्हटले नाही.

आणि मी, मित्रांनो, काम करताना काकूंचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. गंमत करायच्या आधी त्यांची एक भुवई वर जाते. दुसरा बोलत असला की त्या ओठ किंचित उघडे ठेवून ऐकतात, जणू ते बोलणे त्यांना प्यायचे आहे. असे कोणी आपल्याकडे बघितले तर कोण हसणार नाही? इतकी वर्षे मी आधी कॅमेऱ्यावर जळलो, मग दिव्यावर. ज्यांच्यावर जळावे त्या माझ्या पाठीशी उभ्या राहून माझाच भार पेलत होत्या.

माझा हेवा गेला असेल, असे तुम्हाला वाटत असेल. गेला नाही. आता मालक बाहेरच्या कामावर जाताना एक हलकी घडीची खुर्ची बरोबर नेतात. ती ते स्वतः उचलतात, अगदी डोंगरावरसुद्धा. सावली बघून मांडतात, हलत तर नाही ना म्हणून दाबून पाहतात, आणि मग काकू तिच्यावर बसून जोडप्यांशी गप्पा मारतात. काकूंच्या हातातली माझी जागा गेली आणि ती कालची खुर्ची त्यांना सबंध दिवस धरून असते. मला तिचा फार हेवा वाटतो.

पण तुम्हाला एक विनंती करून ठेवतो. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी कोणाचा खांदा दुखायला लागेल, कोणाचा गुडघा, कोणाचे डोळे. त्यांच्यावर दया करायची घाई करू नका. आधी त्यांना विचारा, की तुम्ही इथे नक्की काय काय करता, आणि ते सगळे नीट ऐकून घ्या. मग त्यांच्यासाठी एक खुर्ची आणा. त्यांना बसा म्हणा, मित्रांनो. घरी जा म्हणू नका.